तळाची कोरी ओळ

प्रिय कात्रीभावोजी,

त्या सकाळी मी मागच्या गॅलरीत उशांचे अभ्रे वाळत घालत होते. दूध तापवून झालं होतं, केर काढून झाला होता, कुंड्यांना पाणी घालायचं तेवढं राहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या यंत्रानं रोजच्यासारखी करकर करून कामांची छापील चिठ्ठी बाहेर टाकली होती. चहा: तू. केर: तू. कुंड्या: तू. भांडी: मी. चिठ्ठी फाडून घेत हे म्हणाले, आज सगळं तुझ्याच गळ्यात, मला एकच काम. मी म्हणाले, त्या एकात अर्धा दिवस घालवाल. तुम्ही पाहिली आहे त्यांची भांडी घासायची तऱ्हा. पातेलं आतून कमी आणि बाहेरून जास्त घासायचं, आणि तोवर नळ आपला धो धो सोडलेला. अभ्र्याला चिमटा लावता लावता मी ओरडले, अहो, नळ बंद करा. पाण्याचा आवाज येतच राहिला. मी दुसरा अभ्रा झटकला आणि पुन्हा ओरडले.

उत्तराला फार उशीर झाला. तुमचं पहिलं पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलंय, आणि दुसरं, ज्यात तुम्ही नुसतं ‘वहिनी, बऱ्या आहात ना?’ एवढंच विचारलंत, ते त्याच्यावर. येता-जाता दिसतात. मी रागावले असेन असं मनात आणू नका. ह्यांनी केलेला खण तुमच्या संगणकाच्या भाषेच्या नव्या आवृत्तीतून काढायचा आहे, आणि माझं म्हणणं कळल्याशिवाय तुमचा हात त्याला लागत नाही, असं लिहिलंत. इतकं कोण कोणाला विचारतं? पण मला उत्तर सुचेना. मी लवकर शाळा सोडलेली बाई. वाचायला लागले ती पुड्या बांधून आलेले कागद सरळ करून करून. अजूनही एखादी गोष्ट नीट समजायला मला ती पुन्हा पुन्हा वाचावी लागते. तुमचं पत्र आता घडीवर विरायला आलंय.

तुमची ती संगणकाची भाषा दर वर्षी नव्यानं निघते, आणि तिच्याबरोबर एक लांबलचक पान येतं. काय नवं आलं, काय सुधारलं, काय काढून टाकलं. ते पान हे मला मोठ्यांदा वाचून दाखवायचे, परीक्षेचा निकाल वाचावा तसं. मी समोर शेंगा सोलत बसायचे. अर्धं डोक्यावरून जायचं, पण पहिल्याच वर्षी मी सांगून टाकलं, आधी काढून टाकलेलं वाचा. हे म्हणायचे, अगं, सुरुवात जरा आनंदानं करावी. मी म्हणायचे, घर सोडून कोण चाललंय ते आधी कळू दे, आलेले काय, राहणारच आहेत. मग हे वाचायचे. अमुक काढलं, कारण कुणी वापरत नाही. तमुक काढलं, कारण त्याहून चांगलं आलंय. आणि एखाद्या वर्षी, काढलं, कारण सांभाळणारं कुणी उरलं नाही. असलं कारण आलं की हे चष्मा काढून पुसायचे. चष्मा स्वच्छच असायचा.

भाषेबरोबर तयार अवजारांची एक पेटी मिळते आणि तिच्यातला एक लहानसा खण आपला आहे, असं ह्यांनी मला लग्नाच्याही आधी समजावून सांगितलं होतं. लांब मजकूर अरुंद कागदावर बसवायचा, ओळी नीट मोडायच्या, शब्द मध्येच तुटू द्यायचा नाही, एवढंच त्या खणाचं काम. दवाखान्यातले नंबर, वाचनालयातल्या परतीच्या तारखा, दुरुस्तीला टाकलेल्या घड्याळांच्या चिठ्ठ्या, सगळं तेव्हा त्या बोटभर रुंदीच्या रोलवर छापून यायचं. आणि लाँड्रीत कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्यासुद्धा. तिथे मी होते.

त्या खणात एक चूक होती, हे तुम्ही जाणताच. मजकूर संपला की तळाशी एक कोरी ओळ जास्तीची सुटायची. आम्हाला काय ठाऊक ती चूक आहे म्हणून? आम्ही त्या कोऱ्या जागेवर अंगठा दाबायचो आणि हिसका मारून चिठ्ठी फाडायचो. वाफेच्या त्या खोलीत हात ओले, समोर कोटांची रांग, चिठ्ठीकडे बघायला वेळ कुणाला? अंगठ्यालाच कळायचं. मग एका वर्षी ह्यांनी ती चूक मोठ्या कौतुकानं सुधारली. नवी आवृत्ती आमच्या यंत्रात आली आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या शेवटच्या ओळीतून फाटायला लागल्या. शेवटच्या ओळीत गिऱ्हाइकाचा नंबर असायचा. एका नवरदेवाचा कोट कुणा आजोबांकडे गेला, आणि तो अंगाला इतका चपखल बसला, की आजोबांनी परत द्यायला साफ नकार दिला. मालकीणबाईंनी यंत्राच्या कारखान्यात फोन करून जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. दुपारी कारखान्यानं तिथेच नोकरीला असलेल्या ह्यांना पाठवलं. खांद्याला पिशवी, खिशात स्क्रूड्रायव्हर, यंत्र उघडून म्हणतात, यंत्र ठीक आहे.

मी इस्त्री उभी केली आणि विचारलं, मग आमची कोरी ओळ कुठे गेली? हे म्हणाले, ती चूक होती, मीच काढली. मी म्हणाले, असेल तुमची चूक, आमची चिठ्ठी तिथूनच फाटायची. चूक विचारून केली नव्हतीत, निदान सुधारताना तरी विचारायचं. मालकीणबाई मला डोळ्यांनी दटावत होत्या. हे हसले, स्टूल ओढून बसले आणि मी चिठ्ठ्या कशा फाडते ते लाँड्री बंद होईपर्यंत बघत राहिले. मी म्हटलं, माणूस कामचुकार दिसतोय. नंतर कळलं, मी एकटी नव्हते; कुठकुठच्या दवाखान्यांतून, वाचनालयांतून ह्यांना तशाच तक्रारी आल्या होत्या. पुढच्या आवृत्तीचं पान ह्यांनी छापून लाँड्रीत आणलं. त्यात एक ओळ होती: वापरणाऱ्यांच्या मागणीवरून तळाची कोरी ओळ परत आणली आहे. ‘वापरणाऱ्यांच्या’ ह्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, ह्यात तुम्ही आहात. मला तोवर कुणी कुठल्या छापील कागदात घातलं नव्हतं. भावोजी, काही बायकांना अंगठी मिळते.

आम्हाला मूल झालं नाही. त्याचं पुढे पुढे काही वाटेनासं झालं, म्हणजे आम्ही बोलेनासे झालो. घरात दोनच माणसं आणि कामांवरून रोज वाद, म्हणून ह्यांनी कारखान्यातून मोडीत निघालेलं एक यंत्र आणलं, स्वयंपाकघरात फळीवर बसवलं आणि एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी यंत्रानं मनातल्या मनात नाणं उडवायचं आणि कुठलं काम कोणाचं ते छापायचं. ‘मी’ म्हणजे हे, ‘तू’ म्हणजे मी. तुम्ही राहायला आलात त्या सकाळी ह्यांनी गुपचूप तिसरं नाव घातलं होतं आणि चिठ्ठी निघाली, भांडी: पाहुणा. तुम्ही बाह्या वर करून निमूटपणे घासलीत आणि माझ्या कपाचा कान तोडलात. हे म्हणाले, बघ, कात्री म्हणतात ती उगाच नाही. भाषेतलं नको ते कापायचं काम ह्याच्याकडे दिलंय, ह्याला कुठे थांबायचं कळत नाही. तो कप अजून आहे. त्यात चमचे ठेवते.

मला तेव्हा वाटायचं, भांडी माझ्याकडेच जास्त येतात. हे शपथ घ्यायचे, नाणं सरळ आहे. मी म्हटलं, शपथा पुरे, प्रोग्रॅम दाखवा. दाखवला, तर मला त्यातलं एक अक्षर कळेना. मग मी मांडीवर शब्दकोश आणि पुढ्यात तो कागद, असं करत करत तुमची भाषा वाचायला शिकले. लिहायला नाही, नुसतं वाचायला. पुष्कळ दिवस गेले त्यात. शेवटी कळलं, नाणं खरंच सरळ होतं. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. लबाडी सापडली असती तर भांडायला मजा आली असती.

एका सकाळी चिठ्ठीच्या वर दोन जास्तीच्या ओळी आल्या. यंत्राला पडदा नाही, म्हणून जे काही सांगायचं असेल ते कागदावरच छापून येईल अशी सोय ह्यांनी केली होती. इशारा: अरुंद कागदाचा खण पुढील आवृत्तींत काढून टाकला जाईल. आणि खाली चहा: मी, कुंड्या: तू. हे वाचून म्हणाले, मला नोटीस आली. मग समजावलं, की तुमच्यात कुणाला एका रात्रीत बाहेर काढत नाहीत. आधी इशारा, मग एक अख्खी आवृत्ती जाऊ द्यायची, मग पुन्हा इशारा, आणि त्यानंतर कात्री. ज्यांचं त्यावाचून अडतं त्यांना दुसरी सोय करायला अवधी मिळावा म्हणून. मी म्हणाले, भली माणसं आहेत. ह्यांनी तुम्हाला कळवलं, वापर कमी झालाय हे खरं, सगळे आता फोनवर बघतात, पण मी आहे तोवर असू दे. आणि तुम्ही असू दिलंत. इशारा तेवढा रोज छापून येत राहिला. आम्हाला त्याची सवय झाली. वर्तमानपत्राच्या वरच्या कोपऱ्यातली तारीख कोण वाचतं?

त्या सकाळी नळासाठी तिसऱ्यांदा मी ओरडलेच नाही. ओला अभ्रा हातात घेऊनच आत आले. पाणी ओट्यावरून खाली सांडत होतं. हे खाली बसल्यासारखे होते, पाठ कपाटाला टेकलेली, हातात घासणी. फेस अजून मुठीत होता. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, आणि मला वाटलं, हे मला बरं वाटावं म्हणून सांगतायत की वाईट वाटावं म्हणून. कशाचीच लक्षणं नव्हती. आदल्या रात्री दुसऱ्यांदा जेवायला मागितलं होतं. खणाला अख्ख्या आवृत्तीची मुदत देणाऱ्या माणसांत आयुष्य काढलं आणि मला एक ओळसुद्धा दिली नाही. नळ मी बंद केला नाही, शेजारणीनं केला. कधी, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना यंत्र करकरलं. सगळे दचकले. कुणीतरी म्हणालं, बंद करा ते. मी म्हणाले, हात लावू नका. इशारा. चहा: तू. केर: मी. कुंड्या: मी. भांडी: मी.

तेव्हापासून माझ्या वाट्याची कामं मी करते. त्यांच्या वाट्याला आली की ती तशीच राहतात. केर एखादा दिवस राहिला तर दिसत नाही, कुंड्या दोन दिवस तग धरतात. भांड्यांचं मात्र लपत नाही. माझ्या नावावर येईतो साचतात. एकदा ओळीनं इतके दिवस ‘मी’ आलं, की घरात स्वच्छ असं एक झाकण उरलं, त्यात भात घेऊन खाल्ला. शेजारीण साखर मागायला आली, ओट्याकडे बघून म्हणाली, पाहुणे आलेत वाटतं? किती जण? मी म्हणाले, एकच आहेत, पण हात धुऊन उठत नाहीत. तिला विनोद वाटला. मलाही तेव्हा वाटला. नाणं सरळ आहे हे मी स्वतः वाचलंय, भावोजी. त्यात कुणी बसलेलं नाही, कुणी मला काही सांगत नाही, एवढं मला कळतं. तरी रोज सकाळी यंत्र करकरायच्या आधी मी ओटा पुसून, पदराला हात पुसून त्याच्यापुढे उभी राहते.

तुम्ही दोन वाटा दाखवल्यात. एक अशी, की सांभाळणारं म्हणून खणावर माझं नाव घालायचं. वहिनी, नुसतं नाव, काम काही पडणार नाही. त्यावर मी खूप विचार केला. हे गेल्यावर बऱ्याच काळानं मी त्यांच्या टपालाची पेटी उघडली, तर त्यात कुठल्याशा वाचनालयातल्या बाईंची तीन पत्रं होती. पहिल्यात, ओळी चुकीच्या मोडतायत, मदत कराल का. दुसऱ्यात, कृपया. तिसऱ्यात, आपण रागावलात का. मी त्यांना खरं काय ते कळवलं. त्यांनी लगेच लिहिलं, फार वाईट वाटलं, आमचं यंत्र मागच्याच महिन्यात काढून टाकलं. तुम्ही म्हणता नुसतं नाव. पण नाव दिसलं की माणूस दार वाजवतो. मला वाचता येतं, दुरुस्त करता येत नाही. दाराला पाटी लावायची आणि आत कुणी नाही, हे मी ह्यांच्या नावानं एकदा होऊ दिलं, माझ्या नावानं नको.

दुसरी वाट, जगात काही होवो, घरचं यंत्र जुन्याच आवृत्तीवर ठेवायचं. तुम्ही येऊन तशी व्यवस्था करून देणार. हे वाचून मात्र मी आशेला लागले. बाजारात रोल आणायला गेले. पहिल्या दुकानात मुलगी म्हणाली, कसला रोल? दुसऱ्यात म्हातारा मालक होता, त्याला कळलं, पण म्हणाला, बाई, आता ते कुणी बनवत नाही. घरी येऊन यंत्राचं झाकण उघडलं, तर कागदाच्या कडेला लाल पट्टी दिसायला लागली होती. रोल संपत आला की ती येते, लाँड्रीतही यायची. म्हटलं, जाऊ दे, जुन्या चिठ्ठ्या तरी आहेत. ह्यांची सवय तुम्हाला माहीत नसेल, फाडलेली चिठ्ठी ते चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. तो डबा शेगडीजवळच्या फळीवर. मी काढला, झाकण उघडलं. डबा गच्च भरला होता आणि सगळे कागद कोरे. त्या कागदाला शाई नसते, उष्णतेनं अक्षरं उमटतात आणि उष्णतेनंच जातात, हे मला ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. एकेक चिठ्ठी दिव्याशी धरून पाहिली. एकीवर नुसता ‘भां’ दिसला, बहुतेक. बाकी वरपासून खालपर्यंत सगळ्या तळाच्या कोऱ्या ओळीसारख्या. आमची एवढी वर्षं.

तेव्हा भावोजी, हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही खण काढा. माझ्यासाठी आणखी एक आवृत्ती थांबवू नका, माझं नाव घालू नका, आणि घरच्या यंत्रासाठी एवढ्या लांब येऊ नका. काढून टाकलेल्यांत ह्यांच्याबद्दल चार शब्द घालायचं म्हणता, तेही नको. बाकीच्यांना जे कारण लिहिता तेच लिहा, सांभाळणारं कुणी उरलं नाही. ते खरं आहे. पान निघालं की मला पाठवा, मी आधी शेवटचा भाग वाचेन. परवा सकाळी लाल पट्टीवर चिठ्ठी निघाली, भांडी: मी. ती मी अंगठा दाबून कोऱ्या ओळीवर फाडली आणि यंत्राची पिन काढली. दिवसभर ओट्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उठले, चहा केला, केर काढला, कुंड्यांना पाणी घातलं, दोन्ही दिवसांची भांडी घासली आणि नळ बंद केला.

तुमचीच,
कान तुटक्या कपाची वहिनी